देवाचं बारीकसारीक

हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ या मालेत २०२४ साली ‘गॉड ॲट प्ले’चा पहिला खंड निघाला. म्हणजे आपलं लीळाचरित्र, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ. डाव्या पानावर म्हाइंभटांची मराठी, देवनागरीत. उजव्या पानावर ॲन फेल्डहाउस यांचं इंग्रजी. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला आणि गावोगावी पेढे वाटले गेले. या पुस्तकाचे पेढे कुणी वाटल्याचं माझ्या कानावर नाही. असो, पेढ्यांचं आणि पुस्तकांचं आपल्याकडे फारसं जमत नाही.

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. एका विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात टेबल, टेबलावर गॅली, हातात लाल पेन. प्राध्यापक मंडळी वर ‘ग्रंथाचा आशय’ वगैरे बोलत, आम्ही खाली अनुस्वार मोजत बसायचो. त्यामुळे कुणी मला म्हटलं की, तपशील गौण असतो, तत्त्व महत्त्वाचं, तर माझं डोकं फिरतं. आणि आपल्याकडे तर ही शिकवण पदोपदी भेटते. कीर्तनात भेटते, वेदान्ताच्या वर्गात भेटते, सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त इंजिनिअरांच्या तोंडी भेटते. नाम आणि रूप ही उपाधी. ती गळली की उरतं ते खरं. दागिने वेगवेगळे, सोनं एक. बरोबर असेल. पण मग देवानं कुठे मुक्काम केला, कुठल्या झाडाखाली बसला, जेवायला काय होतं, याची चौकशी करणारा माणूस वेडाच ठरतो.

म्हाइंभट हे तसे वेडे होते. लीळाचरित्र उघडा, चक्रधर अमुक गावाहून तमुक गावी गेले, वाटेत अमक्या देवळाच्या चौकात बसले, कुणी पान दिलं, कुणी काय विचारलं, मग निजले. सकाळ झाली. पुन्हा पुढचं गाव. मोठं तत्त्वज्ञान येतं, येत नाही असं नाही, पण ते या येण्याजाण्याच्या मधेच कुठेतरी, जेवणाच्या आधी किंवा नंतर येतं. वेदान्त शिकून आलेल्या माणसाला वाटतं, हे सगळं टरफल बाजूला करून आतला दाणा काढावा. पंथातल्या केशोबासांनी ती सोय करूनही ठेवली आहे: चक्रधरांची वचनं वेगळी काढून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला, दृष्टान्त वेगळे काढून दृष्टान्तपाठ. जन्मांध माणसं आणि हत्ती ही गोष्ट तुम्हाला त्या दृष्टान्तपाठात सापडेल. पण पंथानं लीळाचरित्र टाकून दिलं नाही. पारायण लीळांचं होतं, वंदन स्थानांचं होतं. स्थानपोथी नावाचा एक आख्खा ग्रंथ स्वामी कुठे कुठे बसले-उठले एवढंच नोंदवतो, आणि त्या जागांवर आजही ओटे बांधलेले आहेत.

कारण महानुभावांचा देव सोन्यासारखा नाही. त्यांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही वेगळे आणि अनादी. जीव कधी परमेश्वर होत नाही, देवतांची कितीही भक्ती केली तरी मोक्ष मिळत नाही. परमेश्वर मूळचा निराकार. तो कृपेनं माणसाचा देह घेऊन येतो, श्रीकृष्ण होऊन, दत्तात्रेय होऊन, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू, चक्रधर होऊन. तो समोर असतो ते सन्निधान. तो निघून जातो मग असन्निधान. आणि असन्निधानात मागे राहिलेल्याच्या हाती एकच गोष्ट उरते, ती स्मरण. कशाचं स्मरण? त्याच्या नावाचं, मूर्तीचं आणि त्यानं जे जे केलं त्याचं. तो परमेश्वर आहे म्हणून त्याचं पान खाणंही परमेश्वराचं पान खाणं. तिथे गौण असं काही उरतच नाही. आपल्या सबंध धर्मविचारात तपशिलाला एवढी मोठी जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि माझ्या धंद्यामुळे असेल, मला हा पंथ कायम आपला वाटला. मी उपदेश घेतलेला नाही, म्हणजे रीतसर पंथात आलेले नाही. माझी आजी उपदेशी होती; मोर्शीकडची. सासरी गणपती बसायचा, ती सगळ्यांना मोदक करून घालायची आणि स्वतः एक खायची नाही. अन्य देवतेचा प्रसाद चालत नाही. घरात यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही; तिचा वाटा माझ्या वाटीत पडायचा, त्यामुळे मी तर तिच्याच बाजूनं होते.

एकदा जुन्या मराठीतल्या एका संपादित ग्रंथाची मुद्रितं माझ्याकडे आली होती. त्यात लीळांचे उतारे होते. या भाषेत स्वामींच्या प्रत्येक क्रियेला आदराचा वेगळा शब्द असतो. ते जातात तेव्हा बिजें करतात. जेवण म्हणजे आरोगणा, रात्रीचं जेवण व्याळी. निजणं म्हणजे पहुड आणि जागं होणं म्हणजे उपहुड. आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला पहुड समजला, उपहुड समजला नाही. त्यानं ती चूक समजून दुरुस्त केली. पानभर. म्हणजे त्या पानावर स्वामी झोपले, मग पुन्हा झोपले, मग पूजावसर झाला, आरोगणा झाली, पुन्हा झोपले. दोन तपासण्या त्या पानावरून गेल्या होत्या आणि कुणाला काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? वाचणाऱ्यांनी आधीच धरून चाललं होतं की, मधला मजकूर भरताड आहे, खरं काय ते पुढच्या वचनात येईल. मी लाल पेननं अकरा ठिकाणी ‘उ’ घातला. तो मुलगा म्हणाला, मॅडम, एवढं कोण वाचतं?

आजी वाचायची. आणि फेल्डहाउसबाई वाचतात. त्यांचं काम पाहिलं तर कितीएक वर्षं एकाच वस्तीत राहिलेल्या माणसासारखं दिसतं. १९८३ मध्ये सूत्रपाठावरचा ग्रंथ. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून गोविंदप्रभूंच्या रिद्धपूरलीळांचं भाषांतर. १९९२ मध्ये शं. गो. तुळपुळ्यांसोबत स्मृतिस्थळाचं भाषांतर, युनिव्हर्सिटी ऑफ हवाई प्रेसचं; त्याचं इंग्रजी नाव देव नसतानाच्या काळाबद्दल आहे, आणि ते अगदी नेमकं आहे. मग तुळपुळ्यांबरोबरच जुन्या मराठीचा कोश. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवणारी ही बाई गोदाकाठच्या गावांमधून हिंडत राहिली आणि आता लीळाचरित्राशी आली. मालेच्या जाहिरातीत हे ‘नवं पुस्तक’ म्हणून येतं. एकेका अनुस्वाराचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल की, ते चाळीस वर्षं जुनं आहे.

आता म्हाइंभटांकडे येते, कारण माझा खरा प्रश्न तिथे आहे. परंपरा सांगते की, चक्रधर उत्तरेला निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य रिद्धपुरास एकांतात बसून लीळा आठवत असत. म्हाइंभटांनी विचारलं, तुम्ही काय करता? ते कळल्यावर म्हणाले की, हे तुमच्याबरोबर जाईल, पुढच्यांचं काय? मग लिहायला बसले. नुसतं नागदेवांकडून ऐकून थांबले नाहीत. ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं होतं, त्याच्याकडे गेले, विचारलं, लिहिलं, नागदेवांकडून तपासून घेतलं. शके १२०० च्या सुमाराला, म्हणजे १२७८ च्या आसपास, हे झालं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण त्याची पाठ्यपुस्तकात नोंद करतो आणि पुढे जातो. मला त्यात पहिला संपादक दिसतो.

पुढे देवगिरीवर खिलजीच्या स्वाऱ्या आल्या, त्या धामधुमीत मूळ पोथी गेली असं सांगतात. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी पुन्हा सांगितलं. हिराइसा नावाची नागदेवांची शिष्या, तिची स्मरणशक्ती विलक्षण, तिचा पाठ. परशरामबासांचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा. आणि इथे पंथानं जे केलं ते पाहून माझ्यासारखी पगारी मुद्रितशोधक थक्क होते. त्यांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. एखाद्या लीळेत हिराइसा असं सांगते, परशरामबास तसं सांगतात, असं पोथीतच लिहून ठेवलं. देवाचा प्रत्येक तपशील तारक आहे असं मानणाऱ्यांनी, दोन तपशील जुळेनात तेव्हा दोन्ही ठेवले, सांगणाऱ्याच्या नावासकट.

आजी पोथी वाचताना हे पाठभेदही त्याच सुरात वाचायची, आवाज खाली न आणता. मी लहानपणी तिला विचारलं होतं की, यातलं खरं कोणतं? ती म्हणाली, “दोघायलेबी आठवलं नं बाई. मंग?” तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं. आज वाटतं, तिच्या त्या उत्तरात एक पूर्ण भूमिका आहे. घटना एकदाच घडली, हे तिला मान्य होतं. स्वामी एकाच ठिकाणी बसले असणार. पण आता घटना हाताशी नाही. हाताशी आहे ते आठवणं, आणि साधन तेच आहे. मग दोघांपैकी एकाचं आठवणं पुसून टाकायचं म्हणजे एकाचं साधन मोडायचं. हा अधिकार कुणाचा?

छापखान्याला हे परवडत नाही. छापील पानाला वरचा मजकूर एक लागतो आणि बाकीचा तळटीपेत, बारीक टायपात. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्र छापलं, १९६० च्या दशकात तुळपुळ्यांनी, १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकरता वि. भि. कोलते यांनी. प्रत्येकानं पोथ्या ताडून पाहिल्या आणि प्रत्येकाला कोणता तरी पाठ वर घ्यावा लागला. कोलत्यांच्या आवृत्तीतल्या काही मजकुरावर पंथातल्या मंडळींनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. त्या वेळी आमच्याकडचे पुरोगामी प्राध्यापक हसले होते: सातशे वर्षांपूर्वीच्या बारक्याशा गोष्टीवरून एवढं? मला हसू आलं नाही. देवाचं बारीकसारीक हेच ज्यांचं तारण, त्यांना बारीकसारीक चुकीचं छापलेलं पाहून यातना होणारच. हरकत घेणाऱ्यांनी ग्रंथ गंभीरपणे घेतला होता, हसणाऱ्यांनी नव्हता. पण त्यांनी मागितलेला उपाय, मजकूर काढून टाका, पुस्तक थांबवा, हा मात्र मला म्हाइंभटांच्या विरुद्ध जाणारा वाटतो. नको असलेली आठवण गाळायचीच असती तर हिराइसा आणि परशरामबास शेजारी शेजारी बसवायचं काय कारण होतं?

हार्वर्डच्या या मालेलाही वाद नवे नाहीत. रोहन मूर्ती यांच्या ५२ लाख डॉलरच्या देणगीतून ती उभी राहिली, जानेवारी २०१५ मध्ये पहिली पाच पुस्तकं आली. त्यात थेरीगाथा होती, बुल्ले शाह होता, सूरदास, तेलुगू पेद्दना आणि अबुल फजलचा अकबरनामा. पुढच्याच वर्षी १३२ विद्वानांनी सह्या करून मागणी केली की, मालेचे मुख्य संपादक शेल्डन पोलॉक यांना काढा. भारतीय परंपरेविषयी ज्याला आस्था नाही त्याच्या हाती हे ग्रंथ नकोत. रोहन मूर्तींनी ऐकलं नाही. पोलॉक यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण हा आक्षेप मला कामाच्या बाजूनं पोकळ वाटतो. आस्था मोजायची कशानं? डावं पान आहे ना उघडं. तिथे मूळ अक्षरं आहेत, या मालेसाठी मुद्दाम घडवलेल्या टायपात. चूक असेल तिथे बोट ठेवा. आस्थेनं ओथंबलेल्या कित्येक आवृत्त्या मी तपासल्या आहेत, त्यांत सुरुवातीला संपादकांचे प्रणाम पाच पानं आणि मजकुरात पानागणिक पाच चुका.

भाषेचा मामला त्याहून गुंतागुंतीचा. केशोबास आणि दामोदर पंडित संस्कृतात पारंगत. ते नागदेवांशी संस्कृत ढंगानं बोलू लागले, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवलं. मला स्वामींनी मराठीत सांगितलं, मला तेच विचारा. संस्कृतात ग्रंथ केला तर माझ्या म्हाताऱ्या बायांचं नुकसान होईल, असा त्यांचा आशय. स्मृतिस्थळातला हा प्रसंग मराठीच्या अभिमानाच्या भाषणांत हमखास येतो, आणि त्यातल्या म्हाताऱ्या हमखास गळतात. नागदेवांना भाषेची अस्मिता नको होती, त्यांना त्या बायांची काळजी होती. ज्या पंथात महदाइसा या शिष्येनं स्वामींना एकामागून एक प्रश्न विचारून भंडावलं, विटाळाबद्दलही विचारलं आणि स्वामींनी नाकाच्या शेंबडाएवढीच त्याची किंमत सांगितली, त्या पंथात म्हाताऱ्यांचं कळणं हा धर्माचा भाग होता.

आता गंमत बघा. हाच पंथ पुढे पंजाबात गेला, पेशावर-काबूलपर्यंत पोचला. तिकडे त्याला जयकृष्णी म्हणतात. पोथ्या मराठीच राहिल्या. स्वामी ज्या भाषेत बोलले तीच पवित्र. म्हणजे पंजाबातल्या म्हाताऱ्यांना मराठी पोथी ऐकताना तेच वाटलं असणार, जे वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना संस्कृत ऐकताना वाटलं असतं. आणि इकडे माझी भाची मराठीत एम. ए. झालेली. हा नवा खंड तिच्या हातात दिला, तर ती आधी उजवीकडचं इंग्रजी वाचते, मग डावीकडे बघून ‘अच्छा’ म्हणते. मला ते आधी झोंबलं. नंतर वाटलं, बघते तर आहे डावीकडे! नुसतं मराठी पान दिलं असतं तर तिनं पुस्तक मिटलं असतं. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथल्या अभ्यासक्रमात ही दोन पानं समोरासमोर ठेवून शिकवतील का, मला उत्सुकता आहे. लाज वाटून घेऊ नये एवढीच विनंती.

हे सगळं ठीक. पण पुस्तक वाचणं म्हणजे स्मरण का? ओळखीतल्या एका महंतांशी माझा यावर वाद झाला. त्यांच्या आश्रमात गेले होते, हा खंड दाखवायला. त्यांनी दंडवत प्रणाम केला, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, डावं पान बराच वेळ वाचलं, एका जागी त्यांच्या पाठाप्रमाणे काय आहे ते सांगितलं आणि मिटलं. म्हणाले, “ताई, काम फार नीट झालंय. पण हे वाचन झालं. स्मरण वेगळं.” मी विचारलं, फरक काय? ते म्हणाले, वाचणाऱ्याला मजकूर हवा असतो, स्मरणाऱ्याला स्वामी हवे असतात. वाचणाऱ्याचं पुस्तक मिटलं की संपतं, स्मरणाऱ्याचं तिथून सुरू होतं.

मी त्यांना त्यांच्याच घरातला युक्तिवाद दिला. तुम्ही ‘विशेष’ जपता. स्वामींचा स्पर्श झालेला दगड, त्याचा तुकडा, चांदीच्या डबीत. त्या दगडाला श्रद्धा होती का? त्याला उपदेश कुणी दिला होता? केवळ संबंध घडला म्हणून तुम्ही त्याला नमस्कार करता. मग जी बाई चाळीस वर्षं एकेका लीळेवर बोट ठेवून बसली, तिचा काहीच संबंध घडला नाही? महंत खळखळून हसले. म्हणाले, “दगडाला आम्ही नमस्कार करतो, खरं. पण दगडाला मोक्ष मिळतो असं कुठे म्हणतो?”

उत्तर चोख होतं. पटलं नाही. मोक्ष कुणाला मिळेल याचा निवाडा माझ्या हातात नाही आणि, त्यांच्याच शास्त्राप्रमाणे, त्यांच्याही नाही. तो परमेश्वराच्या कृपेचा विषय. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा होता: श्रद्धेवाचून घेतलेली काळजी ही कोणत्या जातीची गोष्ट आहे? ‘उपहुड’ तसाच राहू द्यायला मी मान मोडून बसले, तेव्हा माझ्या मनात स्वामी नव्हते. पण पहाटे उठलेला एक माणूस नक्की होता, आणि तो पुन्हा झोपलेला दाखवला तर त्याच्यावर अन्याय होईल असं मला अगदी खरोखर वाटलं होतं. याला महंत वाचन म्हणतील. मी अजून नाव देऊ शकलेले नाही.

निघताना मी त्यांना म्हाइंभटांची आठवण दिली. सराळ्याचे हे पंडित स्वामींकडे आले ते भक्त म्हणून नव्हे, वाद घालायला आले. विद्येचा ताठा होता. खोदून विचारायची, पुरावा मागायची, कोण म्हणालं ते नोंदवायची जी सवय लीळाचरित्रभर दिसते, ती भक्ताची कमी आणि वादी पंडिताची जास्त. श्रद्धेच्या आधी ती सवय होती, म्हणून तर तुमचा ग्रंथ असा झाला.

महंत म्हणाले, “पण ते पुढे अनुसरले. तुम्ही कुठे अनुसरलात?”

मी म्हटलं, त्यांनाही वेळ लागला होता.